अपमान नावाचा की अनास्थेचा?

ऑगस्ट २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या ब्रिटिश नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि देशभर संतापाची लाट उसळली. प्रबळ प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या, जिवाणूंमधील एका विकराला ‘न्यू डेल्ही’ हे नाव जोडलेले होते. तो संताप रास्तच होता. जानेवारी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’च्या संपादकांनीही या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

परंतु नावाच्या वादात मूळ दुखणे बाजूला पडले. त्या निबंधाच्या काही महिने आधी, मार्च २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी हेच संकट भारतीय वैद्यकीय नियतकालिकात मांडले होते. ‘कार्बापेनेम’ या राखीव औषधांना दाद न देणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ जणांत त्यांना हेच विकर आढळले. घरच्यांनी दिलेला इशारा आपण ऐकला नाही. परक्यांनी नाव ठेवल्यावर मात्र खडबडून जागे झालो!

हे जिवाणू पंख लावून येत नाहीत. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर ते जातात ते प्रामुख्याने न धुतलेल्या हातांवरून आणि नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांवरून. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणाने हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्के असलेले मातामृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांवर आले. तरीही ‘आमचे हात अस्वच्छ?’ म्हणून अनेक सहकारी दुखावले. दुखावलेल्या अभिमानाने तेव्हाही सत्य नाकारले होते.

मार्च २०१४ पासून अनेक प्रतिजैविकांच्या विक्रीवर कडक नियम लागू झाले, २०१७ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही आला. पण कायदा कुणाचे हात धूत नाही. प्रत्येक खाटेजवळ हात स्वच्छ करण्याची सोय, पुरेशा परिचारिका आणि जंतुसंसर्गाची प्रामाणिक नोंद यांचा आग्रह समाजानेच धरला पाहिजे.

आपणही अंतर्मुख व्हावे. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय घरात न वावरणारे आपण रुग्णालयात मात्र घोळक्याने शिरतो, रुग्णाच्याच खाटेवर बसतो आणि ‘जरा जोरदार औषध द्या’ म्हणून डॉक्टरांमागे लागतो. रुग्णसेवेस जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी खाटेजवळ जाण्यापूर्वी आणि तेथून निघताना हात धुण्याचा नियम स्वतःपासून सुरू करावा. तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही ‘हात धुतलेत ना?’ असे नम्रपणे विचारण्यात संकोच नसावा. राजधानीच्या नावाला लागलेला डाग निषेधाच्या ठरावांनी नव्हे, स्वच्छ हातांनीच पुसला जाईल.