वाण द्यायचंच तर नोकरीचं द्या

मुलगी एमएस्सी होते, पीएचडी होते आणि पुढे घरीच राहते. मग आपण बायकाच म्हणतो, "संसारात अडकली बिचारी!" हे वाक्य इतकं तोंडात बसलंय की ते खरं आहे का, हे कोणी विचारतच नाही.

डॉ. रोहिणी गोडबोले यांनी ते विचारलं. त्या भौतिकशास्त्रज्ञ, म्हणजे मोजल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या. पुण्याच्या स. प. महाविद्यालयातून बीएस्सी, मुंबईच्या आयआयटीतून एमएस्सी, १९७९ मध्ये अमेरिकेत पीएचडी आणि मग सरळ भारतात परत. मुंबईत संशोधन आणि शिकवणं, १९९५ पासून बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. काम अणूच्याही पोटातल्या कणांचं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळले, की त्यांच्यातून निघणारे प्रकाशकणही आपसात भिडतात आणि नको त्या कणांचा पसारा करून ठेवतात, हे त्यांनी मॅन्युएल ड्रीस या सहकाऱ्यासोबत गणिताने दाखवलं. (पसारा होण्याआधीच ओळखायचा, हे आपल्याला नवीन नाही म्हणा!) पुढच्या यंत्रांचे आराखडे करताना जगाला तो हिशेब धरावा लागला.

एवढं करून त्या आपल्या कामात गढून राहिल्या असत्या तरी कोणी बोललं नसतं. पण भारतीय विज्ञान अकादमीच्या महिला समितीची धुरा त्यांनी घेतली आणि २०१० मध्ये सहकाऱ्यांसोबत एक अहवाल काढला. पीएचडी झालेल्या पाचशेहून अधिक बायका-पुरुषांना प्रश्न विचारले. संशोधन सुटलेल्या बायकांचं मोठं कारण काय निघालं? घर नाही. योग्य नोकरीच मिळाली नाही!

मला हे पटतं. माझ्या भाचीला एका कॉलेजच्या मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "लग्नाचं काय ठरवलंय?" तिच्यानंतर आत गेलेल्या मुलाला विचारलं त्याच्या संशोधनाबद्दल. आता सांगा, अडकवलं कोणी?

दोष घराचा म्हटलं की उपाय सोपा, पोरीला सांगायचं, "तू जरा अॅडजस्ट कर." दोष निवड समितीचा म्हटलं की नियम बदलावे लागतात. म्हणूनच २०२० च्या राष्ट्रीय विज्ञान धोरणाच्या मसुद्यात निर्णय घेणाऱ्या समित्यांवर किमान ३० टक्के बायका असाव्यात, असं लिहिलं गेलं. समान संधीच्या त्या विषयावर गोडबोले यांनीही काम केलं होतं. संशोधनात आजही बायका थोड्याच दिसतात, तेव्हा हे मागणं काही फार नव्हे.

जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नागपूरला १०८ वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. मुख्य विषयात महिला सक्षमीकरण होतं, आणि महिलांच्या कार्यक्रमात रांगोळी नि हळदीकुंकूही झालं. टीकाही बरीच झाली. मी दर संक्रांतीला घरी हळदीकुंकू करते, मला त्याचं वावडं नाही. पण तिथे आलेल्या पीएचडीच्या पोरींना वाण हवं होतं ते नेमणुकीच्या पत्राचं. ते कोण लुटणार?

गोडबोले २५ ऑक्टोबर २०२४ ला पुण्यात गेल्या. त्यांनी राम रामस्वामींसोबत संपादित केलेलं 'लीलावतीज डॉटर्स' हे पुस्तक २००८ चं. त्यात शंभरेक भारतीय शास्त्रज्ञ बायकांच्या कहाण्या आहेत. इंग्रजीत आहे, पण घरात बीएस्सीवाली पोरगी असेल तर मागवून द्या. वाचेल ती, आणि तुम्हालाही सांगेल.