बाटलीतल्या चिली पावडरची बाजू

मंडळाच्या चिलीच्या, म्हणजे मांस-मिरचीच्या टेक्ससी रश्शाच्या, स्पर्धेत यंदा बाटलीतली चिली पावडर चालू देऊ नये, प्रत्येकानं सुक्या मिरच्या आणून, भिजवून, वाटूनच चिली करावी, असा आग्रह काही जणांनी धरला आहे. कारण काय, तर अस्सलपणा. माझा या नियमाला विरोध आहे.

सॅन अँटोनियोच्या चौकांत ‘चिली क्वीन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या बायका रात्री चिली विकत, ही टेक्ससची जुनी परंपरा खरीच. पण ती चिली घरोघरी पोचली, त्यात पावडरीचा वाटा मोठा. न्यू ब्राउनफेल्समधल्या विल्यम गेबहार्ट या जर्मन खानावळवाल्याला आंचो मिरची बारा महिने मिळत नसे. म्हणून त्यानं १८९०च्या दशकात सुकी मिरची मसाल्यांसह दळून बाटलीत भरली आणि विकायला काढली. हंगामात दळून वर्षाची बेगमी करायची, हे आपल्याला कुणी शिकवायला हवं? घरच्या कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं बॅगेत कोंबून आणणाऱ्यांनी तरी नाकं मुरडू नयेत! टर्लिंग्वा गावातल्या १९६७च्या गाजलेल्या चिली-सामन्यात टेक्ससतर्फे उतरलेला विक फाउलर तर स्वतःच चिलीचा तयार मसाला विकत असे.

आणि अस्सलपणा इतका प्यारा असेल, तर राजम्याचं काय? टेक्ससमधल्या मोठ्या स्पर्धांत बीन्सना मज्जाव असतो. आपण शाकाहारी मंडळींसाठी तो नियम केव्हाच गुंडाळून ठेवला, आणि बरंच केलं.

तक्रार करायची तर वापरण्याच्या पद्धतीबद्दल करा. आपला मसाला भाजून-तळून कुटलेला असतो. या पावडरीतलं जिरं बहुधा कच्चंच. उकळत्या पातेल्यात ती वरून भुरभुरवली की कच्चट वास शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. मांस किंवा कांदा परतून झाल्यावर आच मंद करावी, सुटलेल्या तेलात पावडर अर्धा मिनिट परतावी आणि लगेच पाणी घालावं. जास्त वेळ नको, तिच्यातली लसूणपूड करपून कडू होते. दोन पौंड मांसाला चार टेबलस्पून लागतात. आकडा पाहून दचकू नका, आंचो सौम्य असते. तेवढंच आपलं लाल तिखट घातलंत, तर मात्र परीक्षकांना दह्याची वाटी द्यावी लागेल. बाटलीत मीठ आधीच आहे का, तेही लेबलवर पाहून घ्यावं.

भिजवून वाटलेल्या मिरचीनं रश्शाला जो दाटपणा येतो तो पावडरीनं येत नाही, हे मला मान्य आहे. मग दोन आंचो वाटून जोडीला घाला की, बंदी कशाला? नोकरी सांभाळून पहिल्यांदाच स्पर्धेत उतरणाऱ्यांना त्या बंदीचा जाच होईल, परीक्षकांच्या वाडग्यात काही फार फरक पडणार नाही. नियम हवाच असेल तर एवढाच करा: स्पर्धकानं बाटली बरोबर आणावी, परीक्षकांनी झाकण उघडून हुंगावी, आणि जिला वासच उरलेला नाही ती बाद करावी.