‘दार उघडले’ : मनोवैज्ञानिक गूढकथा का खिळवून ठेवते?



‘दार उघडले.’ दोन शब्दांचे हे वाक्य क्षणभर डोळ्यांसमोर ठेवा. दार आपोआप उघडले, की कोणीतरी ते उघडले? मराठी व्याकरणात ‘उघडणे’ हे उभयविध क्रियापद मानले जाते; ते सकर्मकही चालते आणि अकर्मकही. त्यामुळे येथे दार हाच कर्ता आहे, की खरा कर्ता अनुल्लेखित आहे, हे केवळ वाक्यावरून ठरत नाही. ‘आठवणे’ हेही याच वर्गातील क्रियापद. ‘त्याने ती रात्र आठवली’ या वाक्यात माणूस स्मृतीला बोलावतो; ‘त्याला ती रात्र आठवली’ या वाक्यात स्मृती न बोलावता येते. व्याकरणाच्या प्रश्नपत्रिकेत थोड्या गुणांसाठी पाठ केला जाणारा हा भेद मनोवैज्ञानिक गूढकथेत कथानकाचा कणा होऊ शकतो.

लहान आकाराची अशी कथा वाचकाला का खिळवून ठेवते? माझ्या मते, ती वाचकाला संशय घेण्याच्या कामाला लावते, हे तिच्या आकर्षणाचे मूळ आहे. कथा चांगली असेल, तर शेवटी हा संशय पात्रांवरून सरकून वाचकाच्या स्वतःच्या खात्रीवर येऊन थांबतो.

हे मत तपासण्यासाठी प्रथम तीन जवळचे प्रकार वेगळे करू. बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या धनंजय, झुंजार या नायकांनी वाचकांच्या पिढ्या गुंतवून ठेवल्या. अशा रहस्यकथेचा प्रश्न असतो : हे कोणी केले? नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव भयकथेशी जोडलेले आहे. त्यांच्या ‘समर्थ’ कथांत अमानवी शक्तींशी सामना आहे. तेथे प्रश्न असतो : हे आहे तरी काय? रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’, ‘रंगांधळा’ यांसारख्या संग्रहांतून गूढकथा रुजवली. त्यांच्या अनेक कथांत चारचौघांसारखे घर असते, ओळखीची नाती असतात आणि त्यांतच काहीतरी बिनसत जाते. अशा कथेचा प्रश्न तिसराच असतो : जे दिसते आहे ते खरे आहे, की पाहणाऱ्याच्या मनाचा खेळ आहे? पहिले दोन प्रश्न बाहेर पाहायला लावतात, तिसरा आत. अर्थात हे प्रकार एकमेकांत मिसळतात. ‘समर्थ’ कथांतही मन असते आणि मतकरींच्या कथांतही अमानवी काही येते. तरीही कथेचा मुख्य प्रश्न कोणता, हे पाहिले म्हणजे तिचा स्वभाव कळतो.

आता लांबीचा विचार. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांनी १८४२ मध्ये हॉथॉर्न यांच्या कथांवर लिहिताना असे मत मांडले की, कथा एका बैठकीत वाचून होणारी असावी. मध्ये खंड पडला की परिणामाची एकता भंगते. मनोवैज्ञानिक गूढकथेला हे विशेष लागू पडते. एका माणसाच्या संशयग्रस्त मनात चारशे पाने राहणे कठीण असते. वाचक मध्येच बाहेर येऊन ताळा करू लागतो. दहा-पंधरा पानांत मात्र त्याला ती उसंत मिळत नाही. आपल्यापैकी अनेकांचे वाचन नोकरी, शेती आणि घरकाम यांच्या फटींतून होते. विंचूरच्या कांदा बाजारात लिलावाला वेळ आहे म्हणून ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या एक कथा वाचून होते. कादंबरी तशी होत नाही. या सोयीलाच काही जण उथळपणा समजतात. परंतु अल्प वेळात वाचून होणे आणि अल्प काळ मनात राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पो यांचीच ‘द टेल-टेल हार्ट’ ही १८४३ मधील कथा पाहा. निवेदक एका वृद्धाचा खून करतो आणि आपण वेडे नाही, हे आपल्याला आग्रहाने पटवून देत राहतो. तो जितका पटवतो तितका आपला विश्वास उडतो. या कथेचे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्यापुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. इंग्रजी क्रियापद निवेदक पुरुष की स्त्री हे सांगत नाही. प्रमाण मराठीत मात्र ‘मी गेलो’ की ‘मी गेले’ हे ठरवावेच लागते. उलट ‘मी दार उघडले’, ‘मी दिवा मालवला’ या कर्मणी प्रयोगांत क्रियापद कर्माप्रमाणे चालते आणि ‘मी’ पडद्याआड राहू शकतो. म्हणजे मराठी लेखकाला कोठे उघड व्हायचे आणि कोठे लपायचे, याची योजना प्रयोगागणिक करावी लागते. ‘म्हणे’ हा छोटासा शब्दही असाच कामाचा : ‘तो रात्री घरीच होता म्हणे’ असे म्हणताच सांगणाऱ्याने जबाबदारीतून अंग काढून घेतलेले असते.

एक उदाहरण रचून पाहू. विंचूर हे पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या जहागिरीचे गाव. परंतु आपल्या कथेला गढी, भुयार किंवा अमावास्या नको. साध्या दोन खोल्या पुरेत. तेथे राहणारा माणूस सांगतो : ‘रात्री आम्ही दोघे जेवलो. सकाळी घासायला ताट एकच होते.’ बस. दुसरी व्यक्ती होती का? ती गेली, की तिला घालवले? तो एकटेपणाने भ्रमात आहे, की धूर्तपणे खोटे बोलतो आहे? की दोघे एकाच ताटात जेवले आणि संशय केवळ आपल्याच मनात आहे? आता ‘आम्ही दोघे’ ऐवजी ‘आपण दोघे’ असे वाचा. मराठीतील ‘आपण’ ऐकणाऱ्यालाही सामावून घेतो. एका सर्वनामाने वाचकच त्या ताटासमोर जाऊन बसला. भूत न आणता आलेला हा शहारा भाषेने आणलेला आहे, आणि त्यातील निम्मे काम आपण केले आहे.

या प्रकारावर घेतला जाणारा एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. कितीतरी कथा शेवटच्या परिच्छेदात ‘निवेदक वेडा होता’ असे सांगून मोकळ्या होतात. हा कलेचा आळस आहे आणि त्याची किंमत कथेबाहेरची माणसे मोजतात. मानसिक आजार असलेला माणूस म्हणजे धोका, हे समीकरण अशा शेवटांनी घट्ट होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अशा व्यक्तीचा प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क मान्य केला. आपल्या बोलण्यातील ‘डोके फिरलेला’, ‘येडा’ हे शब्द मात्र तसेच राहिले. ज्या घरात असा आजार आहे, त्या घरातील वाचक ती कथा कशी वाचत असेल, याचा विचार लेखकाने आणि समीक्षकाने करायला हवा. चांगली गूढकथा आजाराला खलनायक करत नाही. शहाण्या समजल्या जाणाऱ्या माणसाच्या मनातही मत्सर, अपराधभाव आणि स्वतःची फसवणूक किती सहज नांदते, हे ती दाखवते.

म्हणून या प्रकाराला अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे मला मान्य नाही. त्याचे सरसकट कौतुकही मान्य नाही. निवड करण्यासाठी दुसऱ्या वाचनाची कसोटी लावावी. शेवट माहीत झाल्यावर कथा पुन्हा वाचा. लेखकाने माहिती लपवली असेल, तर पहिल्या पानावरील तीच वाक्ये आता वेगळा अर्थ देतील आणि दोन्ही अर्थ प्रामाणिक असतील. लेखक खोटे बोलला असेल, तर वाक्ये मोडून पडतील. पहिली कथा साहित्य आहे. दुसरी एकदाच चालणारी जादू आहे.

हे वाचन परीक्षेपुरते नाही. घरातील भांडणात, गावातील अफवेत, पंचांसमोरच्या जबानीत आपण रोज कोणाच्या तरी ‘मी’वर विश्वास ठेवतो किंवा नाकारतो. कर्ता कोणी गाळला, ‘म्हणे’ कोठे आले, ‘आपण’ म्हणून आपल्याला कोणी आत ओढले, हे ओळखण्याचा सराव ही लहानशी कथा देते. आपल्या आवडीची एक गूढकथा घ्या, तिच्यातील कर्ता गाळलेली वाक्ये अधोरेखित करा आणि प्रत्येक वाक्यासमोर आपल्याला वाटणारा कर्ता लिहा. मग ते नाव आपण कोणत्या पुराव्यावर लिहिले, तेही लिहा.