तप्तकुंडांचा कुलाचार

जपानच्या यामानाशी प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, 'निशियामा ओन्सेन केइउनकान' नावाची एक सराई आहे. तिची स्थापना इ.स. ७०५ मधील. वेरूळचे कैलास लेणे कोरले जाण्यापूर्वी सुमारे अर्धशतक तेथे पांथस्थांची उठबस सुरू झाली होती. जगातील सर्वांत जुने निवासगृह म्हणून २०११ साली गिनेस विश्वविक्रमांच्या ग्रंथात या सराईची नोंद झाली. एकाच घराण्याच्या बावन्न पिढ्यांनी ती चालविली. २०१७ साली मात्र त्या घराण्यात पुढे होणारा वारस उरला नाही. अशा वेळी वास्तू विकून टाकणे किंवा तिचे संग्रहालय करणे हे दोन सोपे मार्ग होते. ते दोन्ही टाळून, त्याच सराईत तरुणपणापासून राबलेल्या एका कर्मचाऱ्याच्या हाती कारभार सोपविण्यात आला. कुळ बदलले; कुलाचार बदलला नाही.

परंपरा म्हणजे काय आणि ती टिकते कशी, या प्रश्नाची चर्चा भारतात उदंड होते. त्या चर्चेत पुष्कळदा भावनेचा पूर येतो आणि व्यवहाराचा काठ सुटतो. जपानच्या उष्णोदकाच्या सराया, म्हणजे तेथील 'रियोकान', या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत.

पाहुण्यालाही नियम

रियोकानमध्ये मुक्काम करणे म्हणजे केवळ खोली भाड्याने घेणे नव्हे. उंबरठ्याशी पादत्राणे उतरतात. आत गवती चटयांची, 'तातामी'ची, जमीन असते. तिच्यावर अनवाणी किंवा मोजे घालूनच पाऊल टाकायचे. पाहुण्याला 'युकाता' हा सुती अंगरखा मिळतो. त्याचा डावा पदर उजव्यावर घ्यायचा, कारण उलट बाजूने पदर घेण्याची रीत मृतांसाठी राखलेली आहे. रात्रीचे आणि सकाळचे जेवण मुक्कामातच धरलेले असते, आणि त्या पंक्तीत त्या ऋतूचे व त्या परिसराचे जे असेल ते वाढले जाते. पाहुणा जेवणात असताना खोलीत गादी घातली जाते. या सगळ्या व्यवहाराची सूत्रे 'ओकामी'च्या, म्हणजे सरायीच्या गृहस्वामिनीच्या, हाती असतात.

या मुक्कामाचा गाभा आहे तो स्नान. तेथे कुंडात उतरतात ते मळ काढण्यासाठी नव्हे. प्रथम बाहेर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, साबणाचा अंशही उरू द्यायचा नाही, आणि मगच त्या सामाईक पाण्यात शिरायचे. सोबतचा छोटा पंचाही पाण्यात बुडवायचा नाही. पाण्यात वस्त्र नाही, म्हणून पद नाही आणि प्रतिष्ठाही नाही. उद्योगपती आणि त्याचा कारकून यांना तेथे वेगवेगळे ओळखता येत नाही. आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी पाणी निर्मळ ठेवणे, हा या आचाराचा साधा अर्थ आहे. पैसे मोजले म्हणून पाहुण्याला या नियमातून सूट मिळत नाही.

या आचाराची मुळे धर्मात आहेत. शुद्धीसाठी जलस्नान हे शिंतो परंपरेचे अंग आहेच; पण बौद्ध धर्माबरोबर भारताचाही स्पर्श त्याला झाला. भिक्षुसंघाला स्नान घालण्याचे पुण्य सांगणारे एक सूत्र चिनी भाषांतरातून जपानमध्ये पोहोचले. त्यात बुद्धांना आणि संघाला स्नानासाठी निमंत्रण देणारा यजमान आहे राजगृहाचा सुप्रसिद्ध वैद्य जीवक. जपानी विहारांनी स्नानगृहे बांधली आणि गोरगरिबांना व रुग्णांना स्नान घडविणे हे दान मानले. अनेक उष्ण कुंडांच्या काठी आजही 'याकुशी'चे मंदिर असते. हा याकुशी म्हणजे संस्कृतातील भैषज्यगुरू. आरिमा येथील झऱ्यांचा जीर्णोद्धार ज्यांनी केला असे परंपरा सांगते, त्या ग्योकी या भिक्षूनेच इ.स. ७३६ मध्ये भारतातून आलेल्या बोधिसेनांचे स्वागत केले होते. पुढे ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी याच बोधिसेनांच्या हस्ते झाला.

पाणी कोणाचे?

श्रद्धेने झरा पवित्र होतो. पण तो शतकानुशतके वाहता ठेवायचा तर व्यवस्था लागते. ह्योगो प्रांतातील किनोसाकी या गावाची कथा याबाबत बोलकी आहे. इ.स. ७२० मध्ये एका भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केली आणि झरा प्रकटला, अशी तेथील श्रद्धा. पूर्वी यात्रेकरू आधी देवळात जाऊन दर्शन घेई, तेथून स्नानाची पळी मिळवी आणि मग कुंडावर जाई. १९२५ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत हे गाव बेचिराख झाले. गावकऱ्यांनी ते पुन्हा उभारले आणि उभारताना लाकडी सरायांचे जुने रूप जपले.

खरी परीक्षा पुढेच होती. १९२७ साली एका सरायीने उष्ण पाणी आपल्या आवारात खेचून खासगी स्नानगृह केले. पाणी सर्व गावाचे, ते एकट्याने कसे वळवायचे, असा प्रश्न उभा राहिला आणि गाव न्यायालयात गेले. हा तंटा १९५० पर्यंत चालला. अखेर झालेली तडजोड मोठी सुज्ञ होती. झऱ्यांची व्यवस्था सामाईक राहील. सरायांना आत स्नानगृह ठेवता येईल, पण त्याच्या आकाराला मर्यादा असेल. म्हणूनच आजही किनोसाकीचा पाहुणा युकाता आणि लाकडी खडावा घालून रस्त्याने चालत गावाच्या सात सार्वजनिक स्नानगृहांकडे जातो. स्थानक हे घराचे दार, रस्ते या ओसऱ्या, सराया या निजण्याच्या खोल्या आणि सार्वजनिक कुंडे ही न्हाणीघरे. सारे गाव मिळून एकच सराई, असे तेथील लोक मानतात. प्रत्येकाने थोडे सोडले म्हणून दुकानदार, खानावळवाले, सगळेच जगले.

क्यूशू बेटावरील कुरोकावाने हाच धडा वेगळ्या रीतीने गिरविला. हे डोंगरातले आडवळणाचे गाव ओस पडू लागले होते. १९८६ साली तेथील सरायांच्या संघाने लाकडाच्या चकतीचा परवाना काढला. तो गळ्यात अडकवून पाहुण्याने कोणत्याही तीन सरायांच्या उघड्यावरील कुंडांत स्नान करावे. जागेअभावी ज्या दोन सरायांना असे कुंड करता येत नव्हते, त्या मागे पडू नयेत हा त्यामागील विचार. गावभर माजलेले जाहिरातींचे फलक उतरविले गेले, झाडे लावली गेली. दुबळ्या शेजाऱ्याला सोबत घेऊन चालण्याचे तत्त्व भाषणात सांगणे सोपे असते. कुरोकावाने ते हिशेबाच्या वहीत उतरविले.

डाग आणि दुरुस्ती

जपानमध्ये सारे काही आदर्श आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. २००४ साली नागानो प्रांतातील एका नामांकित ठिकाणी दुधाळ पाण्याचा रंग फिका पडला, म्हणून त्यात चूर्ण मिसळले जात असल्याचे उघडकीस आले. पाठोपाठ काही ठिकाणी तर साधे नळाचे पाणी तापवून उष्णोदक म्हणून दिले जात होते, हेही बाहेर आले. २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातील एका जुन्या सरायीत, जे पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण बदलायला हवे ते वर्षातून दोनदाच बदलले जात होते, हे आरोग्य तपासणीतून निष्पन्न झाले. प्राचीनतेची पाटी लावली की आतील घाण झाकली जाते, हा भ्रम जपानलाही झाला होता.

फरक आहे तो पुढच्या पावलात. उष्णोदकाचा कायदा तेथे १९४८ पासून आहे. पाण्याचे तापमान किमान २५ अंश सेल्सिअस असावे किंवा त्यात ठरावीक १९ घटकांपैकी एक तरी पुरेशा प्रमाणात असावा, अशी त्याची व्याख्या आहे. २००४ च्या प्रकरणानंतर, २००५ साली, नियम अधिक कडक झाले. पाण्यात साधे पाणी मिसळले आहे काय, ते तापविले जाते काय, तेच पाणी फिरवून वापरले जाते काय, जंतुनाशक घातले आहे काय, हे भिंतीवर लिहून लावणे बंधनकारक झाले. स्नानासाठी येणाऱ्या प्रत्येकाकडून साधारणपणे १५० येनचा स्थानिक कर घेतला जातो. त्यातून झऱ्यांचे रक्षण, स्वच्छता आणि पर्यटनाच्या सोयी यांवर खर्च होतो.

तरीही संकट टळलेले नाही. १९८० च्या सुमारास जपानमध्ये ८० हजारांहून अधिक रियोकान होते; २०१७ पर्यंत ती संख्या ४० हजारांच्या खाली आली. गावे वृद्ध झाली, मुले शहरांत गेली. ओकामीच्या पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतच्या राबण्याचे कौतुक सगळे करतात. ते आयुष्य पत्करायला मात्र सुना-लेकी सहज तयार होत नाहीत. ही तक्रार खोटी नाही. कोणा एकीच्या थकव्यावर उभी असलेली परंपरा फार काळ तग धरू शकत नाही. कानागावा प्रांतातील १९१८ साली सुरू झालेल्या 'जिन्या' या सरायीने हे ओळखले. नव्या पिढीने २००९ साली कारभार हाती घेऊन हिशेब आणि नोंदी संगणकावर आणल्या आणि पुढे आठवड्यातील काही दिवस सराई चक्क बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. राबणाऱ्या माणसांना विसावा मिळाला आणि बुडत चाललेला धंदा सावरला.

दुसरे संकट गर्दीचे. २०२४ मध्ये जपानला गेलेल्या परदेशी प्रवाशांची संख्या ३ कोटी ६८ लाखांवर गेली. यामागाता प्रांतातील गिन्झान हे बर्फातले चिमुकले गाव छायाचित्रांमुळे इतके लोकप्रिय झाले, की २०२४-२५ च्या हिवाळ्यात तेथे मुक्कामी नसलेल्यांच्या सायंकाळच्या प्रवेशावर मर्यादा घालावी लागली. ग्राहक दारी चालून आलेला असताना त्याला 'आता पुरे' म्हणण्यास धैर्य लागते. मात्र असे धैर्य दाखविणाऱ्या सराया वेळ आली की दारे उघडूही जाणतात. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतर इशिकावा प्रांताच्या दक्षिण भागातील अनेक सरायांनी बेघर झालेल्या भूकंपग्रस्तांना आसरा दिला.

राजगृहाचा धडा

भारतात उष्ण झऱ्यांची वाण नाही. बद्रीनाथला तप्तकुंडात स्नान करूनच भाविक दर्शनाला जातो. वसईचा विजय मिळाल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडून जेथे देवालय उभारले, त्या वज्रेश्वरीच्या परिसरात तानसेच्या काठी अकलोली-गणेशपुरीची कुंडे आहेत. दापोलीजवळ उन्हवरे आहे, संगमेश्वरच्या वाटेवर आरवली आणि तुरळ आहेत, खानदेशात उनपदेव आहे. श्रद्धा अखंड आहे, भाविकांची रांगही अखंड आहे. मग कुंडात उतरण्यापूर्वी अंग धुण्याची जागा किती ठिकाणी आहे? पाण्याची तपासणी केव्हा झाली, हे किती ठिकाणी लिहिलेले आढळते? काठावरच्या साबणाच्या वेष्टनांना आणि शाम्पूच्या रिकाम्या पुड्यांना कोण उत्तरदायी आहे? या प्रश्नांचे उत्तर 'शासनाने लक्ष घालावे' एवढ्यावर संपते, तेव्हा समाजाने आपला अधिकार स्वतःहून सोडलेला असतो. किनोसाकीचे पाणी सरकारने नव्हे, गावाने राखले.

मर्यादेचा हा विचार भारताला परका नाही. विनयपिटकात राजगृहाच्या उष्ण झऱ्याची कथा आहे. भिक्षू तेथे इतका वेळ स्नान करीत राहिले, की राजा बिंबिसार आपल्या पाळीची वाट पाहत थांबला. रात्र झाली, नगराचे दरवाजे बंद झाले आणि राजाला बाहेरच रात्र काढावी लागली. राजाने भिक्षूंना हाकलले नाही. पण बुद्धांनी संघाला दोष दिला आणि स्नानावर मर्यादा घातली. पाणी सर्वांचे आहे, म्हणून प्रत्येकाने थोडे कमी घ्यावे, हा नियम याच भूमीत, याच प्रकारच्या कुंडाच्या काठी घालून दिला गेला होता. जपानने जीवकाचे सूत्र नेले आणि त्याला रोजच्या व्यवहाराचे रूप दिले. भारताने कथा जपली, नियम विसरला.

पूर्वजांच्या थोरवीचे स्मरण अवश्य व्हावे. परंतु तेराशे वर्षांची सराई रोज सकाळी पुन्हा झाडावी लागते, कुंड पुन्हा घासावे लागते आणि दारात आलेल्याला पुन्हा वाकून नमस्कार करावा लागतो. हे काम ज्या समाजात प्रतिष्ठेचे ठरते, तेथे वारस रक्ताचा नसला तरी चालते. जेथे ते हलके मानले जाते, तेथे बावन्न पिढ्यांची वंशावळही एका झऱ्याचे रक्षण करू शकत नाही.