पडद्यावरची पेटी आणि आपल्या चाली

विद्यालयाच्या संगणक कक्षात आम्ही ‘म्यूझस्कोअर’ हे स्वरलेखनाचे विनामूल्य सॉफ्टवेअर बसविले, तेव्हा एका पालकांनी आम्हास विचारले, “सर, बाबासाहेबांनी शिका म्हटले ते हेच का?” प्रश्न रास्त होता. पालेगावी मूल ठेवणारा बाप अंबरनाथच्या नाहीतर उल्हासनगरच्या कारखान्यात पाळी करतो. त्याच्या मुलाने पडद्यावरच्या पियानोवर माऊस फिरवीत बसावे, हे त्याला खटकणारच. तरीही हे शिक्षण चैनीचे नाही, असे आमचे ठाम मत आहे.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. काय लिहून ठेवले गेले आणि काय नाही, याकडे आमचे लक्ष आधी जाते. पंडित विष्णू नारायण भातखंडे (1860-1936) यांनी घराण्याघराण्यांतील बंदिशी मिळवून त्या स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. आज कोणत्याही गावचा विद्यार्थी त्या वाचू शकतो. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची (1922-2004) गीते यांचे शब्द आपण जपले. चाली मात्र बहुतांशी गळ्यातच राहिल्या, फार तर कॅसेटवर. जिथे कॅसेटही नाही, तिथे गायक गेला की चाल गेली.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. उल्हासनगरच्या एका वृद्ध गायकांनी भीमजयंतीला आमच्या मुलांसमोर आपल्या गुरूंचे एक गीत गायिले. पुन्हा बोलावून ध्वनिमुद्रण करू, असे आम्ही म्हटले. परीक्षा आल्या, सुट्टी लागली, आणि वर्षावासात त्यांच्या निधनाची वार्ता आली. शब्द त्यांच्या वहीत आहेत. त्या दिवशी ऐकणाऱ्या दोन मुलांना अंतरा आठवतो, पण दोघांना निरनिराळा. या दिरंगाईचा दोष आमचाच.

तेव्हापासून आम्ही पडद्यावरच्या पियानोकडे गंभीरपणे पाहू लागलो. ‘पी’ ही कळ दाबली की तो पडद्यावर उघडतो. ‘एन’ दाबून स्वरलेखन सुरू करावे, आधी स्वराची लांबी निवडावी आणि मग पट्टीवर टिचकी द्यावी. स्वर पाच रेघांवर जाऊन बसतो. सरावलेला मनुष्य संगणकाच्या अक्षरकळांवर ‘ए’ ते ‘जी’ टंकून हेच काम अधिक वेगाने करतो. पण आमच्या मुलाला ‘ए’ म्हणजे कोणता स्वर, हे कुठे ठाऊक? त्याला पेटी ठाऊक आहे. तीच पट्ट्यांची रांग समोर दिसली की त्याची भीती मोडते.

खरा अडथळा पुढे येतो. पेटीवर बोट जितका वेळ ठेवावे तितका स्वर टिकतो. येथे तसे नाही. मुले भराभर टिचक्या देत गेली आणि सारे गीत एकाच लांबीच्या स्वरांचे होऊन ऐकू आले. हसू पिकले. मग प्रथमच त्यांनी टाळी देऊन मोजले, की ‘भीम’ या शब्दाला कहरव्याच्या आठांपैकी किती मात्रा मिळतात. वर्षानुवर्षे गाणाऱ्या मुलांनी हे कधी मोजले नव्हते. गायकाचा सा काळी एकचा असेल तर त्या पट्टीत लिहिताना पाच कोमल चिन्हे मांडावी लागतात आणि मुले बिचकतात. म्हणून आम्ही पांढरी एक हाच सा धरून लिहवून घेतो व वर ‘मूळ पट्टी काळी एक’ अशी नोंद करतो.

संगीताचे जाणकार आक्षेप घेतात, की सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या या पट्ट्यांवर शुद्ध गांधार चढा लागतो आणि मींड तर मुळीच लागत नाही. आक्षेप खरा आहे. याच कारणांसाठी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीला दार बंद ठेवले होते. त्या काळात आपल्या वस्त्यांतील गायनपार्ट्या मात्र पेटीवरच उभ्या होत्या. आमच्या आजोबांना तो गांधार टोचला नाही. लिहिलेली चाल म्हणजे गाणे नव्हे, हे आम्हास मान्य आहे. हरकत, खर्जातली हाक, कोरसाने उचललेला शब्द रेघांवर येत नाही. त्यासाठी ध्वनिमुद्रण शेजारी ठेवावेच. पण नुसत्या ध्वनिमुद्रणावरून मूल अनुकरण शिकते. लिहिताना त्याला ठरवावे लागते, की येथे रिषभ आहे की कोमल गांधार.

त्या दोन मुलांनी आपापला अंतरा लिहिला. कोणता खरा, हे आम्ही ठरविले नाही. दोन्ही फायली ठेवल्या. गेल्या महिन्यात त्या गायकांच्या पत्नी विहारात आल्या असता दोन्ही चाली त्यांना ऐकविल्या. संगणकाचा तो कोरडा पियानो त्यांनी मान खाली घालून ऐकला. “दुसरी त्यांची,” त्या म्हणाल्या, “पण शेवटची ओळ ते खाली आणायचे, वर नाही.” आणि त्यांनी ती गुणगुणून दाखविली. मुलाने तेथेच बसून चार स्वर पुसले आणि नवे चार मांडले.