दोन फाइलींचं पुडकं

आपण घडवलेला नवा आवाज मित्राला पाठवावा आणि त्याच्या संगणकावर तो निघूच नये... केवढा हिरमोड!

जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ साली आणलेल्या ‘सुपरकोलायडर’मध्ये आज्ञा लिहून आवाज काढतात. नव्या तऱ्हेचा आवाज हवा, तर प्लगइन जोडायचं. पण गंमत अशी, की इथे आज्ञा वाचणारा भाग वेगळा अन् आवाज काढणारा वेगळा! म्हणून पुडक्यात दोघांसाठी दोन फाइली. पहिली विसरलात, तर वाचणारा विचारतो, “हा कोण बुवा?” दुसरी विसरलात, तर आवाज काढणारा हात वर करतो.

शिवाय ही दुसरी फाइल यंत्राच्या भाषेत असते. विंडोजसाठी बांधलेली मॅकवर चालत नाही. सी प्लस प्लसमधल्या मूळ आज्ञावलीवरून ती प्रत्येकासाठी पुन्हा बांधायची. कंटाळवाणं काम, मान्य! तेव्हा पाठवण्याआधी मित्राला विचारा: तुझ्याकडे विंडोज, मॅक की लिनक्स?