विमानातील सूर्यास्त

वीस तीर्थंकरांच्या निर्वाणाने पावन झालेल्या शिखरजीच्या यात्रेस आझाद हिंद एक्स्प्रेसने निघाले, तर पुण्याहून हावड्यापर्यंतच दीड दिवस जातो. म्हणून अनेक कुटुंबे आता लोहगावहून विमानाने कोलकात्यास जातात. हवाई अंतर सुमारे १५८० किलोमीटर, थेट विमानास अडीच तासांच्या आसपास. पुढे पारसनाथ स्थानकापर्यंतचे तीनशे किलोमीटर वेगळेच.

या प्रवासात जवळजवळ एक तास हरवतो आणि तो घड्याळात दिसत नाही. देशभर वेळ एकच असली, तरी कोलकाता पुण्याच्या साडेचौदा अंश पूर्वेस आहे. एका रेखांशास चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य ५८ मिनिटे पुढे चालतो. हिवाळ्यात कोलकात्याच्या उत्तरेकडील अक्षांशामुळे संध्याकाळचा फरक आणखी वाढतो. डिसेंबरच्या आरंभी पुण्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर तेथे ४ वाजून ५० मिनिटांच्या आसपास.

चौविहार पाळणाऱ्या आजी दुपारी तीनच्या विमानात बसतात, साडेपाचला उतरून डबा उघडू असे मनाशी धरतात. उतरतात तेव्हा अंधार पडलेला असतो. डबा तर राहतोच, पाणीही राहते. खिडकीतून सूर्य काही मिनिटे अधिक दिसतो, कारण दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज खाली जाते. पच्चक्खाण त्या दिसण्यावर धरावे की खालच्या भूमीवर, हे गुरुमहाराजांना विचारावे. व्यवहारी माणूस लोहगावलाच जेवणपाणी उरकून घेतो.

सकाळी मात्र हाच फरक सोयीचा ठरतो. शिखरजीला सूर्य लवकर उगवतो, त्यामुळे नवकारसीची ४८ मिनिटेही पुण्याच्या आधीच पुरी होतात.